बिनकचऱ्याची स्ट्रीट

माझं लग्न ठरताना मला सांगितलं होतं, मुलगा भिलाईला कारखान्यात आहे, सेक्टर सहामध्ये कंपनीचं क्वार्टर आहे, घरात सासू-सासरे आणि बाकी कोणी नाही. हे साफ खोटं होतं. मागच्या आंगणात एक गाय होती. त्या घरात पहिला मान तिचा, मग सासऱ्यांचा, मग नवऱ्याचा, आणि उरलंसुरलं माझं. मी वर्ध्याची, बी. ए. झालेली, तोंडानं फटकळ. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "आई, शेण काढायसाठी आणलं काय मले इथं?" सासूबाई गाईच्या मानेवरचा हात न काढता म्हणाल्या, "मंग कायले आली?" मी घमेलं उचललं.

क्वार्टरात जनावर पाळायला मनाई होती. ही गोष्ट सगळ्या स्ट्रीटला माहीत होती, आणि सगळ्या स्ट्रीटला आमच्याकडून दूध जात होतं, त्यामुळे सगळे गप्प होते. सासूबाईंनी तिला कालवड असताना आणलेली. त्यांना मुलगी नव्हती. एक दूधवाला भिलाई सोडून चालला होता, त्याच्याकडची ही मरतुकडी कालवड त्यांनी हट्टानं ठेवून घेतली आणि बाटलीनं दूध पाजून वाढवली. तिला त्या 'माय बाई' म्हणत. माझ्याशी दिवसभरात बोलत नसत तेवढं तिच्या कानाशी बोलत. कधी कधी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायची, तर विषय मीच असायची.

तिच्यामुळे आमच्या घरातून बाहेर काही जायचंच नाही. केळीची सालं, मटारची टरफलं, फुलकोबीचा पाला, भाताची पेज, शिळी पोळी, सगळं गाईला. शेणाच्या गोवऱ्या, गोवऱ्यांवर आंघोळीचं पाणी, राख भांडी घासायला. समोर फाटकाशी कचऱ्याचा डबा होता, त्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, छत्री ठेवत. यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. पर्यावरण हा शब्द तेव्हा नवानवाच कानावर पडायला लागला होता, आणि आमच्या घरात तो अजून पोचला नव्हता.

तो पोचला एका रविवारी, ऐंशीचं दशक संपता संपता. सेक्टरातल्या काही हौशी साहेबलोकांनी आणि त्यांच्या बायकांनी मिळून एक समिती काढली. समितीनं जाहीर केलं की थंडीभर दर आठवड्याला प्रत्येक स्ट्रीटचा कचरा तोलणार. ज्या स्ट्रीटचा कचरा सगळ्यांत कमी, तिला बक्षीस आणि फाटकावर पाटी. माझ्या नवऱ्यानं ही बातमी जेवताना सांगितली. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"कचरा तोलून राहिले? लोकाईचा कचरा? बाप्पा! यायले घरी कामं नाहीत काय?"

"पर्यावरण आहे आई ते," नवरा म्हणाला.

"असंन. आपल्याकडं नोको आणू."

पण ते आलं. पहिल्या तोलणीला समितीचे मोठे साहेब स्वतः आले. मागं दोन जण, एकाच्या खांद्यावर लोखंडी काटा. आमच्या डब्यात त्यांना छत्री सापडली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, आत वाकून पाहिलं, आणि संशयानं विचारलं, "आप लोग खाना नहीं खाते क्या?"

झालं! सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड. आमच्याकडे कोणी उपाशी राहतं, असं कोणी म्हणावं? "खाते नहीं म्हणजे? हमारे घर में क्या तुमको उपाशी लोग दिखते?" असं म्हणून त्यांनी साहेबांना हाताला धरून आत बसवलं आणि वाढलं. भरली वांगी, वरण-भात, वर तूप, गरम पोळ्या. साहेब नको नको म्हणत राहिले आणि पोळ्या येत राहिल्या. काटेवाले दोघं बाहेर उन्हात. तासाभरानं साहेब उठले ते पोटावर हात ठेवून, आणि म्हणाले, हा परिवार आदर्श आहे, पुढच्या वेळी याची पद्धत नीट समजून घ्यावी लागेल.

इथं आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण पद्धत मागच्या आंगणात उभी होती आणि शेपटीनं माशा वारत होती. साहेबांना ती दिसली असती तर बक्षीस राहिलं बाजूला, गाय उचलून नेली असती आणि मामाजींना नोटीस. मामाजी टाइम ऑफिसात हेड क्लार्क, रिटायरमेंट तोंडावर. आयुष्यात कधी लेट नाही, कधी खोटं नाही. नोटीस या शब्दानंच त्यांना घाम फुटायचा.

मग ठरलं की तोलणीच्या दिवशी मामाजींनी गाईला फिरायला न्यायचं. मामाजी इस्त्रीचा शर्ट, काळे बूट घालून निघायचे. दावं दोन बोटांत, तेही पाठीमागं धरलेलं, आणि मान सरळ समोर, आपल्या मागं काय येतंय याची आपल्याला काही कल्पनाच नाही असं. एकदा ते असे सिविक सेंटरच्या बाजारापर्यंत गेले. तिथं नेमके त्यांचे ऑफिसर भेटले.

"क्या बात है, गाय ले ली?"

"नहीं साहब," मामाजी म्हणाले, "साथ-साथ चल रही है।"

घरी येऊन त्यांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. नोकरी लागल्यापासूनचं पहिलं खोटं, ते एका गाईपायी! मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. हसू आवरेना आणि सासऱ्यांसमोर हसायची तेव्हा सोय नव्हती.

दुसऱ्या एका खेपेला समिती न सांगता आली. मामाजी भाजीला गेलेले. मी आणि सासूबाईंनी गाईला ढकलत न्हाणीत कोंबलं आणि कडी लावली. साहेब बैठकीत बसले, चहा झाला, आणि ते पद्धतीबद्दल विचारणार तोच न्हाणीतून ती हंबरली. अशी हंबरली की कपबशा वाजल्या. साहेबांनी कान टवकारले. सासूबाई डोळ्यांची पापणी न लवता म्हणाल्या, "हमारे ये पूजा में बैठे हैं। शंख वाजवून राहिले।" साहेबांनी भक्तिभावानं हात जोडले. तेवढ्यात फाटक वाजलं आणि मामाजी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आत आले. आतून पुन्हा शंख वाजला. साहेब मामाजींकडं बघतात, मामाजी न्हाणीकडं बघतात. शेवटी साहेब उठले, पुन्हा एकदा हात जोडले, या वेळी जरा घाईनं, आणि गेले. समितीत त्यांनी काय सांगितलं देव जाणे, पण त्यानंतर आमच्या घरात कोणी पद्धत विचारायला शिरलं नाही.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पुढं स्ट्रीटचा हट्ट सुरू झाला.

आमच्या एका घराचा कचरा शून्य, म्हणून पहिल्या यादीत आमची स्ट्रीट वरच्या नंबरांत आली. लोकांच्या डोळ्यांत चमक आली. उजवीकडच्या केरळच्या टीचर एका संध्याकाळी मागच्या दारानं आल्या, हातात पपईची सालं. "गाय के लिए," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डावीकडचे पंजाबी सरदारजी, हातात मुळ्याचा पाला. मग समोरच्या बंगालीण काकू, त्यांनी तर मासळीचे काटे आणले. गाईनं तोंड फिरवलं तर काकूंना वाईट वाटलं, "इतनी अच्छी रोहू थी!" सासूबाईंना आधी भारी कौतुक. माय बाईसाठी सगळी दुनिया हातात ताटं घेऊन दारात उभी, आणखी काय पाहिजे? त्या एकेकीला गाईच्या आवडीनिवडी समजावून सांगायच्या.

आणि एक गंमत मी तेव्हाच पाहिली, सांगितलीही, पण नव्या सुनेचं कोण ऐकतं? कचरा कमी करायची स्पर्धा होती ना? लोकांनी कचरा कमी केला नाही. उलट वाढवला! आधी टीचर बाई दुधीच्या सालांची चटणी करत, ती बंद झाली. सरदारजींच्या घरी रात्रीच्या उरलेल्या रोट्या सकाळी तव्यावर येत, त्या आता सरळ आमच्याकडं. कशाला जपायचं, गाय आहे ना! डबे रिकामे, मन मोकळं.

त्याच दिवसांत भिलाईत झिल्ल्या आल्या. प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांना आमच्याकडं झिल्ली म्हणतात. त्याआधी सामान यायचं कागदाच्या पुड्यात, किंवा आपली कापडी पिशवी न्यायची. झिल्ली आली तेव्हा तिचं केवढं अप्रूप! बायका धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. कारखान्याची लाल धूळ कपड्यांवर बसायची तशी झिल्ल्यांवरही बसायची, मग पुन्हा धुवायच्या. पण बघता बघता प्रत्येक दुकानदार देऊ लागला, आणि धुण्याचा सोस संपला. आता सालं झिल्लीत यायला लागली. वास नको, हात खराब नको, म्हणून वर गाठ. मग मागच्या दारानं यायचाही कंटाळा आला. भिंतीवरून नुसती भिरकवायची. धप्प! आम्ही जेवत असलो की मागं धप्प, धप्प.

मी भांडले. भिंतीशी उभं राहून भांडले, माझ्या वर्ध्याच्या हिंदीत. "झिल्ली मत डालो, वो खा लेगी!" सगळे हो हो म्हणाले. सरदारजी हसून म्हणाले, "बेटी, जानवर है, चुनकर खा लेता है।" मी दिसेल त्या झिल्लीची गाठ सोडून सालं तेवढी गाईपुढं टाकायची. पण मी दिवसभर आंगणात थोडीच बसणार होते! आणि नवरा रोज संध्याकाळी कोणत्या स्ट्रीटचा कितवा नंबर ते सांगायचा, लोक चौकात उभं राहून त्यावर बोलायचे. आमची स्ट्रीट पहिली आली होती. शेवटची तोलणी राहिली होती, शनिवारची.

बुधवारी गाईनं वैरणीला तोंड लावलं नाही. सासूबाईंनी गूळ दिला, तोही तसाच. गुरुवारी तिचं रवंथ बंद झालं आणि डावीकडची कूस फुगून नगाऱ्यासारखी टणक झाली. ती उभी राहायची, बसायची, पुन्हा उठायची आणि पोटाकडं मान वळवून बघायची. सासूबाईंचा ओवा झाला, हिंग झाला, तेल पाजून झालं. मग त्यांचे हात थांबले. त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काय झालं वो माय? सांग ना. काय दुखून राहिलं?" तोपर्यंत ती गाय मला नकोशीच होती, खरं सांगते. त्या क्षणापासून ती मला जगायला हवी होती.

डॉक्टर आणायला पाहिजे होता. आणि इथं काय झालं, ऐका. सरदारजी, टीचर बाई, काकू, आणखी दोन-चार जण आमच्या बैठकीत जमले आणि अगदी प्रेमानं समजावू लागले. डॉक्टर आला की बोभाटा होईल. बोभाटा झाला की गाय उघडी पडेल. गाय उघडी पडली की पूर्ण स्ट्रीट बाद. "बहनजी, बस शनिवार तक रुक जाओ।" नवरा जमिनीकडं बघत उभा. मामाजी नोटिशीच्या भीतीनं रुमालानं मान पुसत होते. सासूबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "पाटीसाठी मारता काय तिले?" मी ओरडले. "तुमचाच उकिरडा खाऊन पडली ना ती? अन् आता मरायलेही शनिवार गाठून द्यायचा काय तिनं?" आणि मी नवऱ्याच्या हातातून लुनाची किल्ली ओढून घेतली. मला लुना धड चालवता येत नव्हती. वाटेत एका सायकलवाल्याला धडकले, त्याच्यावरच डाफरले, आणि दुर्गला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिले. ते म्हणाले उद्या दुपारनंतर, मी म्हणाले सकाळीच. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग बरं म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आमच्या मागच्या आंगणात गाय उभी होती आणि तिची डावी कूस डॉक्टरांनी सुई देऊन बधिर केली. जनावराला उभ्याउभ्याच चिरतात हे मला माहीत नव्हतं. सासूबाईंनी तिची मान छातीशी धरली होती आणि तिच्या डोळ्यांवर पदर टाकला होता. मामाजी दावं धरून, या वेळी पाठीमागं नाही, दोन्ही हातांनी समोर. भिंतींवरून सगळी स्ट्रीट डोकावत होती. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चेहरा बदलला. "झिल्ली है," म्हणाले, "पूरी गठरी है।"

ते ओढू लागले. निघता निघेना. दोरखंडासारखी पिळलेली, एकात एक गुंतलेली. एक टब भरला, मी धुण्याचा दुसरा आणला. आणि मग ते सुरू झालं, जे आठवलं की मला आजही हसावं की रडावं कळत नाही. लोक ओळखू लागले! भिंतीवरून काकू पुटपुटल्या, "ये तो मेरा साड़ी दुकान का..." आणि गप्प झाल्या. झिल्लीवरची दुकानांची नावं अजून वाचता येत होती. मिठाईच्या दुकानाची झिल्ली सरदारजींकडची, मुलगा झाला तेव्हाची. औषधाच्या दुकानाची टीचर बाईंकडची. काही झिल्ल्यांच्या गाठी तशाच होत्या, सुटल्याच नव्हत्या, आणि ती गाठ कोणाच्या हातची हेही बायकांना कळत होतं. दुहेरी गाठ मारणारी एकच बाई होती स्ट्रीटमध्ये. एक झिल्ली आमचीही निघाली. नवऱ्यानं ढेप आणली होती ती, सरकीची, अन् झिल्लीसकट गव्हाणीत ओतली होती. तो पांढराफटक पडला. कोणी कोणाकडं बघेना.

आणि त्याच वेळी फाटक उघडून समिती आली. दुसऱ्या स्ट्रीटनं चुगली केली होती की आमच्याकडं गाय आहे. काटा, मोठे साहेब, सगळे. साहेब आंगणाच्या दारात थबकले. समोर उघडी गाय, खांद्यापर्यंत रक्तानं माखलेले डॉक्टर, आणि दोन टब.

"ये... किसका है?" साहेबांनी टबांकडं बोट दाखवलं.

"सबका," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवलीही नाही.

मग समितीनं तिथंच, माझ्या तुळशीजवळ उभं राहून चर्चा केली. देवाशपथ सांगते, हे मी बनवून सांगत नाही. एक जण म्हणाला, हा कचरा या आठवड्यात धरायचा, कारण निघाला आज. दुसरा म्हणाला, छे, टाकला मागच्या आठवड्यांत, तेव्हा मागचे नंबर बदलावे लागतील. तिसरा म्हणाला, नियमांत डब्यातला कचरा आहे, गाईतला नाही. आणि गाय तशीही नियमाप्रमाणे इथं नाहीच, तर जी नाही तिच्या पोटातलं आपण तोलणार कसं? हा मुद्दा सगळ्यांना पटला. शिवाय ओलं होतं. डॉक्टर टाके घालत होते आणि मधूनमधून मागं वळून या मंडळींकडं बघत होते. शेवटी साहेबांनी घसा साफ केला, नोटिशीचं काही बोलले नाहीत, आणि समिती निघून गेली. शनिवारी आमच्या स्ट्रीटचा पहिला नंबर आला.

गाय वाचली. पहिला घास तिनं दोन-तीन दिवसांनी घेतला, माझ्या हातून, आणि मी तिथंच भोकाड पसरलं. जखम भरली, रवंथ सुरू झालं. लोक यायचे, लाजत, हातात गवताची पेंढी घेऊन. मला वाटलं, सुटलो.

पण टाके निघाले आणि सासूबाईंनी दुर्गजवळच्या पाटणकडच्या एका गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याला निरोप धाडला. नवरा म्हणाला, आई, आता कोणी काही म्हणत नाही, राहू दे. मामाजी म्हणाले, नोटीस आली तर येऊ दे! त्यांच्या तोंडून हे ऐकून मी थक्क झाले. सासूबाई म्हणाल्या, "माह्या लेकीले मी सांभाळीन, पण इतक्या लोकाईच्या हाताले कुठं बांधू? इथं नाही जगायची थे." आणि त्यांनी स्वतः तिला हळदकुंकू लावलं, स्वतः फाटकाबाहेर काढलं. कोपऱ्यापर्यंत गेल्या नाहीत. फाटक लावून आत आल्या आणि पाणी प्यायल्या.

त्याच संध्याकाळी बक्षीस आलं. पायानं दाबला की झाकण उघडतं असा चकचकीत स्टीलचा कचऱ्याचा डबा, प्रत्येक घराला एक.

दुसऱ्या दिवशी मी मटार सोलले, फुलकोबी निवडली. सासूबाईंनी सवयीनं टरफलांचं ताट उचललं आणि मागचं दार उघडलं. रिकाम्या आंगणात त्या ताट घेऊन उभ्या राहिल्या. मग वळल्या.

"सूनबाई, हे कुठं टाकू?"

"त्या नव्या डब्यात टाका, आई."

"अन् डब्यातून?"

"गाडी येते ना. नेते."

"कुठं नेते?"

"गावाबाहेर."

"गावाबाहेर कोणाच्या दारात?"

मी बी. ए. झालेली, कोणालाही उलट उत्तर देणारी. मी तोंड उघडलं आणि मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या, मांडीवर ताट. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या सोललेल्या मटारांच्या टरफलांवरून हात फिरवत होत्या. "एवढं निघते वो आपल्या घरातून?" त्या म्हणाल्या. "मले तं कधी दिसलंच नाही."